जिवतीचा हिरवा दिवा

पैज लागली मुश्ताक बागवानच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात. त्याआधी एक पैज बिस्किटाची होऊन गेली होती. चहात बुडवलेलं बिस्किट जास्त वेळ कोण धरून ठेवतो आणि न तुटता तोंडात टाकतो, अशी. मुश्ताकचं बिस्किट कपात बसलं. हरलेल्या माणसाला गप्प राहवत नाही, म्हणून त्यानं लगेच दुसरी काढली.

"नेम्या, तुझ्या बहिणीचं बाळंतपण तुमच्याकडंच न्हवं?"

"मग काय तुझ्या दुकानात करू?"

"म्हंजे जिवती लागनार दारावर. आन् लिवून देतो, पिवळी हुनार. आपल्या गल्लीत एक दिवा सव्वा म्हैना हिरवा टिकलेला न्हाई. पाटलांचा पिवळा, कांबळ्यांचा पिवळा, कोपऱ्यावरच्या वाण्याचा तर लाल झाला हुता."

"मगदुमाच्या दारात पिवळा लागत नसतोय मर्दा."

"लाव मग!"

अटी दुकानात बसलेल्या रिकामटेकड्यांनीच ठरवल्या. हरेल त्यानं नऊवारी नेसायची, नाकात नथ, डोक्यावर पाळणा, आणि हलगीवर नाचत चौकाला तीन फेऱ्या. मुश्ताकचं पोट आणि नऊवारी हे दोन्ही एकत्र डोळ्यांपुढे येऊन नेमू इतका हसला, की त्याच्या हातातला चहा सांडला.

नेमिनाथ मगदूम म्हणजे इचलकरंजीच्या कोष्टी गल्लीतलं वयात येऊनही न आलेलं पोरगं. वय चव्वेचाळीस, लग्नाचा योग हुकलेला. धंदा लग्नात माईकवर बोलायचा आणि नकला करायचा. मागांचा खडखडाट, कुकरची शिट्टी, नगरसेवकाचं भाषण, सगळं गळ्यातून काढायचा. जोडधंदा लोकांना उल्लू बनवायचा. एकदा त्यानं पाणीपुरवठ्याच्या साहेबाचा आवाज काढून भोंग्यावरून पुकारलं होतं, की नवीन सोलर टाकीमुळं उद्या सकाळी सार्वजनिक नळाला गरम पाणी सुटणार. सकाळी गल्लीतले झाडून सगळे म्हातारे पंचे लावून, साबण घेऊन रांगेत उभे. थंडीचे दिवस. अजून त्यातले दोघं त्याच्याशी बोलत नाहीत.

आता ही जिवती काय भानगड, ते सांगतो.

बाई तान्ह्या बाळाशी बोलते ना, तेव्हा तिचा आवाज आपोआप वर चढतो, खाली घसरतो, झोका घेतो. मग ती बाई कुठल्याही मुलखातली असो. तिला कुणी शिकवत नाही. पण बाळंतपणानंतर काही जणींच्या मनाला एक आजार धरतो. पहिल्या चार दिवसांत येतं ते रडू वेगळं, ते जातं. हा जात नाही. भूक मारतो, झोप मारतो, बाळ मांडीवर असून दुसऱ्याचं वाटायला लावतो. आणि तो यायला लागला, की पहिला थांबतो तो आवाजातला झोका. बोलणं सपाट होतं. बाळानं हुंकार दिला की उत्तर यायला जरासा उशीर होतो. घरच्यांना वाटतं दमली असेल, नाहीतर नखरे. तिला स्वतःला वाटतं आपणच वाईट. यंत्राला मात्र कळतं.

पाळण्याच्या कडीला सुपारीएवढी डबी बांधायची. ती शब्द ऐकत नाही. कायद्यानंच मनाई आहे, घरातलं बोलणं घरात राहावं म्हणून. ती फक्त सुराचा चढउतार आणि तो उशीर मोजते. पहिल्या आठवड्यात त्या बाईचा नेहमीचा सूर शिकून घेते आणि पुढं रोज त्याच्याशी ताडून बघते. जमलं तर हिरवा, ढळलं तर पिवळा, बुडालं तर लाल. पिवळ्याला दवाखान्याची सिस्टर येते, लालला डॉक्टरची गाडी.

आधी हा निकाल मोबाईलवर जायचा. मोबाईल नवऱ्याचा, नवरा कामावर, कुणी उघडून बघायचं नाही. मग कुणा हुशार माणसानं डोकं लढवलं: दिवा दारावर लावा, म्हणजे गल्ली बघेल, शेजारीपाजारी मदतीला धावतील. गल्लीनं बघितलं. धावलं मात्र कुणी नाही. पिवळ्या दिव्याच्या घरी बायका बारशाला जाईनात. सासरची माणसं फोनवर बाळाचं वजन विचारायच्या आधी विचारायला लागली, "रंग काय आहे?"

त्रिशला दवाखान्यातून घरी आली तेव्हा नेमूच्या आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं वाक्य म्हटलं ते हे: "आता नीट बोल गं बाई बाळाशी. दारावर दिवा लागलाय."

त्रिशला म्हणजे नेमूच्या पाठची, पण तब्बल पंधरा वर्षांनी लहान. लग्नाआधी साड्यांच्या काठांची डिझाईनं कॉम्प्युटरवर काढायची. गल्लीतल्या निम्म्या मागांवर तिचेच मोर नाचायचे. नवरा अभिनंदन निपाणीचा, चांगला मुलगा, रोज फोन करायचा. मुलगी झाली म्हणून त्यानं पेढेही वाटले होते. कुठं काही उणं नव्हतं. तरी ती आल्यापासून भिंतीकडं बघत बसायची. बाळाला पाजायची, पुसायची, खाली ठेवायची, पार्सल हाताळावं तसं.

"बोल की काहीतरी तिच्याशी," आई म्हणाली.

"काय बोलू?"

आईनं दाराकडं बघितलं. दिवा अजून पांढरा होता, म्हणजे डबी शिकत होती. 

नेमूच्या डोक्यात तिथंच किडा वळवळला. हात चोळत तो पाळण्याजवळ मांडी घालून बसला.

"त्रिशे, सोप्पं आहे. हे यंत्र म्हणजे लग्नातली करवली. तिला मान दिल्यासारखं दाखवायचं, बास. शब्द कळत नाहीत त्याला. नुसता सूर. हे बघ." आणि त्यानं बायकी आवाज काढून सुरू केलं, "अग्गोऽऽ माझी ठकीऽऽ! ढेकर दिलाऽऽस? मामाच्या शर्टावर दिलाऽऽस?" वर, खाली, वर, आणि शेवटी एक हेलकावा. "बाळानं कुईं म्हटलं की लगेच टोला परतवायचा. बॅडमिंटन. मागं एक हसू ठेवायचं. खालून उचलायचं, वर नेऊन सोडायचं. म्हण."

तिनं म्हटलं. बेसूर झालं. त्यानं मांजरीसारखं तोंड करून परत म्हटलं. आणि त्रिशला हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि तीही हसायला लागली. नेमूला वाटलं, झालं काम, एका दगडात मुश्ताक पडला.

पोरगी हुशार. आठवडाभरात नेमूपेक्षा सरस करायला लागली. डबीनं तोच सूर तिचा म्हणून शिकून घेतला. दिवा हिरवा लागला, कैरीसारखा.

मग काय विचारता. नेमू रोज सकाळी मुश्ताकच्या दुकानासमोर उभा राहून शिंप्यासारखं हवेतल्या हवेत त्याच्या कमरेचं माप घ्यायचा. "नऊवारी पुरंल ना रे? का दोन जोडू?" मुश्ताक वायरीची गुंडाळी फेकून मारायचा. बारशाला गल्लीतली एकूण एक बाई आली. घुगऱ्या कमी पडल्या. आईची मान दोन इंच वर. ज्यांच्या घरी पिवळा लागला होता त्या पाटलांच्या सुनेनं हळूच त्रिशलाला विचारलं, "तुम्हाला खरंच काही होत नाही?" त्रिशलानं खालून उचललं, वर नेलं आणि सोडलं, "नाऽऽही हो!"

सून खाली मान घालून घुगऱ्या खायला लागली.

आणि मग एका दुपारी नेमू जेवायला घरी आला. आई स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. आतल्या खोलीतून बहिणीचा आवाज येत होता, झोके घेत, मधाळ. आई कौतुकानं म्हणाली, "ऐक की, कशी बोलती ती. जीव आहे नुसता लेकीवर." नेमूही हसला. धंदा आवाजाचा असला की कानाला खोड लागते, गाणं कुठलं आहे ते बघायची. तो पडद्याशी गेला आणि शब्द ऐकले.

"तुझी आई नाऽऽ, तुझी आईच नाहीऽऽ गं. तिला नाऽऽ काहीच वाटत नाऽऽही. तुला आंघोळ घालताना नाऽऽ, हात सोडून द्यावासा वाटतोऽऽ गं. मग ती घाबरतेऽऽ. मग ती म्हणतेऽऽ, आपणच नसलेलं बरंऽऽ, होय की नाऽऽही?"

बाळानं हुंकार दिला. त्रिशलानं लगेच टोला परतवला. "होऽऽय गं, होऽऽय!"

नेमूनं पडदा बाजूला केला. तिचा चेहरा भिंतीसारखा होता. नुसतं तोंड हलत होतं. डोक्यावरची डबी समाधानानं लुकलुकत होती.

त्यानं बाळाला उचलून आईकडं दिलं, "हिला जरा घे," एवढंच म्हणाला, आणि बहिणीला घेऊन गच्चीच्या जिन्यावर बसला. जिन्याखाली शेजारचे माग खडखडत होते. म्हणून बरं, कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," ती म्हणाली. इथं डबी नव्हती, तरी आवाज वर चढलाच. तिनं गळ्यावर हात ठेवला. "बघ ना. आता उतरतच नाही तो. साधं बोलायला गेले तरी असाच निघतो."

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू दादा? दिवा हिरवा आहे. यंत्राला कळतं म्हणतात ना? म्हणजे मला झालेलं नाही. म्हणजे मी मुळातच अशी आहे. आजारी असते तर बरी झाले असते."

नेमूनं तिचा गळ्यावरचा हात काढून आपल्या हातात धरला. 

"ते मी शिकवलेलं सोंग आहे त्रिशे. दिव्याला काय घंटा कळतंय! उद्यापासून सपाट बोल. नाहीतर बोलूच नको. दिवा पिवळा होऊ दे, लाल होऊ दे, डॉक्टरची गाडी दारात येऊ दे. मी नऊवारी नेसतो."

तिनं प्रयत्न केला, हे सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी ती पाळण्यापाशी गप्प बसली. आईनं दोनदा डोकावून बघितलं, तिसऱ्यांदा रडायला लागली. "पिवळा झाला तर निपाणीची माणसं काय म्हणतील? तुझ्या सासूनं कालच विचारलंय रंग." बाळ रडायला लागलं. आणि त्रिशलाच्या तोंडातून, तिला नको असताना, आलंच: "अग्गोऽऽ..." दिवा हिरवा.

नेमूनं डबीला रुमाल गुंडाळला. डबीनं आवाज येत नसल्याची तक्रार दवाखान्यात केली, आणि संध्याकाळी जयमाला सिस्टर दारात हजर.

"नेमूदादा, काय चाललंय?"

"सिस्टर, बहीण आजारी आहे. दिवा खोटा आहे. तिला सूर लावायला मी शिकवलंय, पहिल्याच आठवड्यात. त्यामुळं यंत्राचं मापच चुकलंय."

सिस्टर कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. तिचे वडील त्या नळाच्या रांगेत पंचा लावून उभे राहिलेल्यांपैकी होते.

"आणि हे तुम्ही मला आता सांगताय. पैजेचं अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आता सव्वा महिना संपत आला, मुश्ताकभाईंनी पैज हरायला कसलं आमिष दाखवलंय तुम्हाला?"

"आईशप्पथ सिस्टर."

"बरं, बोलावा तिला."

त्रिशला आली. सिस्टरनं विचारलं, "काय गं, झोप लागते का? रडू येतं का? मनात काही वेडंवाकडं?" सिस्टर वाईट नव्हती, मनापासून विचारत होती. त्रिशलानं आधी नेमूकडं बघितलं, मग दारातून वाकून बघणाऱ्या आईकडं, आईच्या मागं उभ्या दोन शेजारणींकडं. आणि म्हणाली, "छेऽऽ, दादाचं काहीतरीच असतं!"

सिस्टर हसली. शेजारणी हसल्या. "अहो, पूर्वी आम्ही असले प्रश्न घरोघरी बसून विचारायचो, तास तास. आता ते बंद झालं, यंत्र आमच्यापेक्षा लवकर ओळखतं," सिस्टर रुमाल सोडत म्हणाली. "डॉक्टरांची वेळ पिवळ्याशिवाय निघतच नाही हो. मी काढायची म्हटली तरी कॉम्प्युटर पुढं सरकत नाही. बाकीच्या लाल बायका रांगेत आहेत, त्यांची थट्टा नका करू."

नेमूनं अभिनंदनला फोन लावला. "दाजी, नीट ऐका, त्रिशलाला बरं नाही."

पलीकडं जावई हसला. "आता कुणाचा आवाज काढताय? लग्नाच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्टर होऊन फोन केला होता, तेव्हा माझं पाणी पाणी झालं होतं. परत नाही फसणार. आत्ताच बोललो मी तिच्याशी, झकास होती. रविवारी येतोय न्यायला."

निपाणी म्हणजे हाताच्या अंतरावर, पण मधे राज्याची हद्द. तिकडं जिवतीची योजना नाही. दिवा नाही, म्हणजे सिस्टर नाही, गाडी नाही, कुणी विचारणारं नाही. हिरव्यावर सुटलेली बाई तिकडं कायमची हिरवीच.

त्यानं खाजगी डॉक्टर गाठला, वेळ ठरवली, दारात रिक्षा आणली. त्रिशला उंबऱ्यापर्यंत आली आणि दिव्याकडं बघून थबकली. "तिथंही तेच म्हणतील दादा. आणि आई म्हणते, एकदा त्या डॉक्टरकडं गेलं की शिक्का बसतो. मुलीच्या लग्नापर्यंत पुरतो." मुलगी सव्वा महिन्याची नव्हती अजून. रिक्षावाला हॉर्न वाजवून निघून गेला.

शेवटी नेमू मुश्ताककडं गेला आणि सगळं ओकला. मुश्ताक हसला नाही. हातातली मोटर खाली ठेवून तांब्याच्या तारेचा गुंता सोडवायला लागला.

"माझ्या बायकोचं, शबानाचं, दुसऱ्या येळंला असंच हुतं. तोंड भिंतीकडं. तवा दिवा नव्हता. आमी म्हटलं नजर लागली, लिंबू उतरवलं. ती अजून पुरती परत आली न्हाई, नेम्या. सैपाक करती, हसती बी. पन आली न्हाई. म्हून तर मी पैज लावली की पिवळा हुनार. मला वाटलं दिव्याला तरी दिसंल."

"काय करू मर्दा?"

मुश्ताकनं खाली ठेवलेली मोटर परत उचलली.

रविवार उजाडला. अभिनंदन गाडी घेऊन आला, सोबत सासूनं पाठवलेली साडी आणि बाळाला चांदीचे वाळे. आईनं त्रिशलाची ओटी भरली. जयमाला सिस्टर डबी सोडवायला आली, दिवा शेवटपर्यंत हिरवा, तिनंही बाळाला टोपडं आणलं होतं. गल्ली चौकात जमली, कारण मुश्ताक हरला होता आणि नऊवारी बघायची होती. हलगीवाला हलगी शेकत होता.

गाडी चौकात आली आणि गर्दीत अडकली. तेवढ्यात हलगी कडाडली आणि मुश्ताकच्या दुकानातून निघाला तो नेमू.

आईची नऊवारी, नाकात चापाची नथ, डोक्यावर पाळणा. गल्ली आधी चक्रावली, मग फुटली. शिट्ट्या, किंकाळ्या. "अरे उलटं झालं! हरला मुश्ताक, नेसला नेमू!"

"मी हरलोय!" नेमू ओरडला. त्यानं हलगी थांबवली आणि हातातला माईक तोंडाशी धरला. "ऐका. पैज मी हरलोय. दिवा हिरवा नव्हता. दिव्याला मी फसवलंय. माझी बहीण आजारी आहे. तिला आत्ता डॉक्टर पाहिजे, आत्ता, निपाणीला जायच्या आधी. दाजी, गाडी वळवा. सिस्टर, तुमच्या पाया पडतो. कुणाचा आवाज काढत नाही मी, हा माझा आहे."

शेवटी त्याचा गळा फाटला. नथ लटकत होती, काजळ ओघळत होतं. 

मग मागून कुणीतरी म्हणालं, "रडका आवाज काय काढलाय! नाद खुळा!" आणि सगळा चौक हसत सुटला. म्हातारे हसले, पंचावाले हसले, वर्षानुवर्षं न बोलणारे दोघंही हसले. सिस्टरनं तोंडाला रुमाल लावला. अभिनंदन स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. "दादा, ऑस्कर!"

नेमू गाडीच्या काचेशी धावला. "त्रिशे, तू सांग. एकदा सांग, बास."

काच खाली झाली. सगळा चौक तिच्याकडं बघायला लागला, कौतुकानं, प्रेमानं. तिच्या मांडीवर वाळे घातलेलं बाळ. तिनं भावाकडं बघितलं. तिचे ओठ उघडले, गळ्याची शीर ताणली गेली, काहीतरी खाली ढकलून दुसरं काहीतरी वर काढायला धडपडत असल्यासारखी. आणि मग हसू आलं. खालून उचललेलं, वर नेलेलं, शेवटी हेलकावा देऊन सोडलेलं. बिनचूक.

"पुरे की रेऽऽ दादाऽऽ!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. काच वर गेली. गर्दीनं प्रेमानं वाट करून दिली आणि गाडी निपाणीच्या रस्त्याला लागली.

मुश्ताक पुढं आला. नेमूच्या डोक्यावरून घसरलेला पाळणा त्यानं सावरला आणि हलगीवाल्याकडं बघून नकारार्थी मान हलवली. पण गल्लीनं तीन फेऱ्यांचं ऐकलं होतं, आणि अजून एकही झाली नव्हती. पोरं ठेका धरून ओरडायला लागली. हलगीवाल्यानं नेमूकडं बघितलं.

नेमूनं पदर खोचला आणि पहिली फेरी सुरू केली.